एप्रिल सोडून

१६ जानेवारी, मंगळवार

शेवटून तिसरा. दोन किलोमीटर पळायचं होतं, एकोणचाळीस अंशांच्या उन्हात; इकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. माझ्या मागे दोघंच — एकाचा गुडघा नुकताच उघडून शिवलेला, दुसरा वाटेत उलटी करायला थांबलेला. म्हणजे खरं पाहिलं तर मीच शेवटचा.

कोणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. पूर्वी शिव्या घालायचे. आता पोरं पाण्याची बाटली हातात आणून देतात. "बसा आजोबा, दम खा." जूनमध्ये बत्तीस पूर्ण होतील. बाहेरच्या जगात या वयाचा माणूस तरुण असतो. फुटीत, म्हणजे आमच्या इकडच्या फुटबॉलमध्ये, पिकलं पान.

नऊ सामने हवेत. एक्क्याण्णव झालेत. या क्लबात दहा वर्षं घासली आणि हाती एक्क्याण्णव! दोन वर्षं गुडघ्याने खाल्ली, एक खांद्याने, बाकीची क्लबच्याच दुसऱ्या संघात चिखल तुडवण्यात गेली, आणि तिथले सामने धरत नाहीत. शंभर भरले की आपल्या लॉकरच्या दारावर आपलं नाव रंगवतात. त्याआधी नाही. नव्याण्णववाल्याचंही नाही. जर्सीचा नंबर तोच दाराचा; माझ्या एकेचाळीस नंबरच्या दारावर तीन नावं आहेत, सगळ्यात वरचं माझ्या आजोबांच्या काळातलं. दहा वर्षं बुटाची नाडी बांधताना तीच तीन नावं वाचतोय. खाली एका नावापुरती जागा आहे.

हे वर्ष कराराचं शेवटचं. घरी येऊन ब्रॉनला म्हटलं, "नऊ हवेत." बायको कसली, मास्तरीण ती. म्हणाली, "आधी डबे घास. नवाचं नंतर बघू."

१८ जानेवारी, गुरुवार

आज डोक्याची परीक्षा.

दर जानेवारीत क्लबच्या डॉक्टर स्टाव्रू एकेकाला खोलीत बोलावतात. दहा शब्द वाचून दाखवतात, ते परत म्हणायचे. आकडे उलटे म्हणायचे. महिने डिसेंबरपासून मागे मागे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मग पाच-दहा मिनिटांनी पुन्हा विचारतात — मघाचे दहा शब्द कोणते होते? सगळं कागदावर लिहून ठेवतात. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की हेच सगळं पुन्हा, आणि जानेवारीच्या कागदाशी ताडून बघायचं. त्याहून कमी पडलास की बारा दिवस घरी.

म्हणून जानेवारीत हुशारी दाखवायची नसते. हे मला डूलीने पहिल्याच वर्षी शिकवलं. तेव्हा तो कप्तान होता. "अरे बावळटा, आज दहाच्या दहा सांगशील, तर ऑगस्टमध्ये दहा कुठून आणशील? फुटक्या डोक्याला झेपतील तेवढेच आज सांग." तेव्हापासून माझं ठरलेलं आहे. सहा शब्द. सात नाही, पाच नाही. आणि महिने म्हणताना एप्रिल गाळायचा. मे, मार्च, फेब्रुवारी. डॉक्टर कागदावर फुली मारतात, मी चेहरा भोळा ठेवतो. दहा वर्षं एप्रिल गाळतोय.

आजही सहाच सांगितले. दहा लक्षात ठेवून त्यातले चार गिळणं, हे दहा सांगण्यापेक्षा अवघड असतं. होडी, लोणी, शिडी, घुबड, चादर, खिडकी, मीठ, पूल, मनगट, तंबू. घ्या! घरी येईपर्यंत सगळे पाठ.

"सहा," डॉक्टर म्हणाल्या. "तू शाळेत काय करायचास रे, टेव?"

"खिडकीबाहेर बघायचो."

त्या हसल्या. चांगली बाई आहे. फसवताना जरा वाईट वाटतं, पण सगळेच फसवतात.

३ फेब्रुवारी, शनिवार

नेव्हने घोट्याला पट्टी बांधली. एकाहत्तरचा आहे तो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि तीस वर्षं इथे फुकटात आमचे घोटे बांधतोय. लॉकरवरची नावंही तोच रंगवतो. "हा घोटा आहे की बटाट्याचं पोतं?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. मी ठरलेलं उत्तर देतो, "तू बांध, बटाटे मी वाहतो."

मग त्याने कानाशी येऊन सांगितलं की तुझ्या दारावर पेन्सिलीने दोन रेघा मारून ठेवल्यात. नावाची उंची मोजून. म्हटलं, "अरे, दृष्ट लावशील." तो म्हणाला, "खोडरबर आहे माझ्याकडे."

जाऊन पाहिलं. अगदी बारीक रेघा. दुसऱ्या कुणाला दिसायच्या नाहीत.

होडी, लोणी, शिडी, घुबड... अजून पाठ आहेत. नको तिथे डोकं चालतं.

१४ मार्च, गुरुवार

यादी लागली. माझं नाव राखीव.

राखीव म्हणजे काय, हे राखीव राहिल्याशिवाय कळत नाही. सगळ्यांबरोबर जायचं, घोटा बांधून घ्यायचा, अंग गरम करायचं, घाम काढायचा — आणि कोणी ऐन वेळी आजारी पडलं नाही की कोट घालून कुंपणापाशी बसून गार सँडविच खायचं. पर्किसने — हा आमचा कोच, माझ्याहून फक्त नऊ वर्षांनी मोठा — खांद्यावर हात ठेवला. "तयार राहा." दहा वर्षं तयारच आहे.

२१ मार्च, गुरुवार

राखीव.

२८ मार्च, गुरुवार

राखीव. विनीने विचारलं, "बाबा, तू आजपण नुसता टाळ्या वाजवणार?" सहा वर्षांची आहे. खोटं कसं सांगायचं?

११ एप्रिल, गुरुवार

आत! बचावातल्या कोवळ्या हेविटच्या मांडीचा मागचा स्नायू गेला. एकाचं दुखणं ते दुसऱ्याचं पोट — या धंद्यात असंच चालतं. त्याच्या बाकाजवळ जाऊन म्हटलं, "वाईट वाटलं रे." तो म्हणाला, "खोटं बोलू नका आजोबा, दात दिसतायत."

४ मे, शनिवार

पंचाण्णव. सलग चार खेळलो. चारही सामन्यांत एकही मोठी चूक नाही, एकही मोठी करामत नाही. वर्तमानपत्रात माझं नाव कुठेच नव्हतं. बचावाला हेच हवं असतं.

रविवार, सोमवार जिना उतरताना उलटा उतरतो — तोंड पायऱ्यांकडे करून. तसं केलं की गुडघे बोलत नाहीत. विनीला वाटतं मी खेळ करतोय. तीही माझ्यासारखी उतरते.

१८ मे, शनिवार

हेविट बरा झाला, मी बाहेर. दुसऱ्या संघात सामना. पाऊस, गुडघाभर चिखल, दोनशे माणसं आणि तेवढीच कुत्री. गोलच्या खांबांमागे एक म्हातारा खिम्याचं पॅटिस खात उभा होता, सगळा रस्सा दाढीवर. चारही वेळा — हो, सामन्याच्या चारही भागांत — तो जागा बदलून माझ्या मागेच. "अरे एकेचाळीस, पुरे की आता! घरी बायको वाट बघत असेल!"

शेवटच्या भागात त्याला म्हटलं, "तीपण हेच म्हणते."

 सामना संपल्यावर त्याने कुंपणावरून हात पुढे केला. त्यालाही फुटीने अर्ध्यावर सोडलेलं असणार. चेहऱ्यावरून कळतं.

१३ जून, गुरुवार

पर्किसने खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हाच कळलं.

"टेव, तुला गोल गोल सांगत नाही. पुढच्या वर्षी तुझ्यासाठी जागा नाही."

"बरं."

"तू इथे खूप दिलंस. सगळ्यांना माहीत आहे ते."

"पाच राहिलेत, कोच."

"कसले पाच?"

"सामने. शंभराला."

तो बराच वेळ पेन फिरवत बसला. "मी तुझे सामने मोजत नाही रे. संघाचे मोजतो."

बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. गाडीत बसलो आणि अर्धा तास किल्ली फिरवलीच नाही. रडलो नाही. नुसता थकवा. आईबापांनी दीडशे-दीडशे मैल गाडी हाकून मला पोरांच्या सामन्यांना नेलं, थंडीत गाडीच्या काचा पुसत बसले. त्या सगळ्याचं शेवटी काय, तर पंचाण्णव. लोकांना वाटतं या आकड्यात काय मोठंसं. मलाही असं वाटलं असतं तर सुटलो असतो.

२४ जून, सोमवार

बत्तीस. ब्रॉनने केक केला. मला एकच फोड, उद्या कातडीला चिमटा लावून चरबी मोजणार आहेत. वाढदिवसालासुद्धा चिमटा.

६ जुलै, शनिवार

सत्त्याण्णव. दोघं तापाने झोपले म्हणून मला दोन आठवडे सलग मिळाले. आज शेवटच्या मिनिटाला पोटरीत सुरी खुपसल्यासारखं झालं. नेव्ह म्हणाला, "महिना." मी म्हटलं, "तीन आठवडे." नेव्ह म्हणाला, "पोटरीशी घासाघीस करतोस?"

२२ जुलै, सोमवार

गॅरेजमध्ये गेलो. कशाला ते आठवेना. परत आलो. वय.

१ ऑगस्ट, गुरुवार

डूलीचा फोन. तो आता हॉर्शमला शेतकऱ्यांना पाण्याचे पंप विकतो. सहज विचारलं, डोकं कसं आहे रे? "उत्तम! दोन हजार बारापासूनच्या प्रत्येक सामन्याचा गुणफलक विचार." विचारले तीन. तिन्ही बरोबर. ताडून पाहिले मी. बरं वाटलं. त्यानेही बारा वर्षं हेच केलं होतं ना.

"एप्रिल अजून गाळतोस का रे?" त्याने विचारलं. आम्ही दोघं हसलो. तो ऑक्टोबर गाळायचा.

१० ऑगस्ट, शनिवार

अठ्ठ्याण्णव. जिंकलो.

१२ ऑगस्ट, सोमवार

परवाचं नीट लिहायला हवं. परवा हात चालत नव्हता.

तिसऱ्या भागात चेंडू उंच आला. मी उलटा धावत त्याच्याखाली गेलो — पाठीमागून कोण येतंय ते न बघता. तसंच जायचं असतं. बघितलंस तर भित्रा. मागून हेविट उडाला, आपलाच पोरगा, आणि त्याचा गुडघा माझ्या कानामागे बसला. बिचाऱ्याचा दोष नाही. पुढचं मला आठवतं ते असं — हिरवळ, मग नेव्हचे बूट, मग डॉक्टरांची खोली. मधलं कोणीतरी कापून टाकलंय.

दहा शब्द विचारले. सगळी अक्कल पणाला लावली. सहा आले. महिने म्हटले. डॉक्टर म्हणाल्या म्हणे, "एप्रिल. नेहमीसारखा." हे मला नेव्हने सांगितलं, मला आठवत नाही. जानेवारीचा कागद बाजूला ठेवून त्यांनी दोनदा ताडून पाहिलं. तंतोतंत. "चक्कर? मळमळ? डोकं दुखतंय?" नाही, नाही, नाही.

परत मैदानात गेलो. अजून वीस मिनिटं खेळलो म्हणतात. एक झेलही घेतला.

दोन सामने राहिलेत. बारा दिवस बाहेर बसलो असतो तर येता शनिवार गेला असता, आणि मी नव्याण्णववर संपलो असतो. नव्याण्णव! डूलीचे उपकार.

१४ ऑगस्ट, बुधवार

ब्रॉनने फ्रिज उघडला आणि नुसती उभी राहिली. आत दुधाच्या चार मोठ्या बाटल्या. सोमवारी एक मी आणली. मंगळवारी आणली. आज सकाळी आणली. आज दुपारी आणली. प्रत्येक वेळी मला पक्कं माहीत होतं की घरात दूध संपलंय.

"खीर करणार आहेस?" ती म्हणाली. पण हसली नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सगळं सांगून टाकलं तिला. विनी शाळेत होती. जानेवारीचं, सहा शब्दांचं, एप्रिलचं. दहा वर्षं लपवलेली गोष्ट पाच मिनिटांत सांगून झाली.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हातातला कप हळूच खाली ठेवला.

"म्हणजे शनिवारी तुझं डोकं खरंच फुटलं होतं."

"थोडंसं."

"आणि त्या बाईंना ते कळू शकत नव्हतं."

"त्यासाठीच तर—"

"तू त्यांना नाही फसवलंस, टेव. तू एकुलती एक फूटपट्टी मोडून ठेवलीस. आता तुला मोजायचं कशाने?"

शिक्षक लोक असंच बोलतात.  म्हटलं, दोनच सामने. ती म्हणाली, दारावरच्या रंगासाठी. म्हटलं, हो, रंगासाठी. दहा वर्षांनी या जागेवर मी होतो हे कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच. मग ती म्हणाली, "विनीचं नाव विसरलास तर मी कुठल्या दारावर लिहून ठेवू?"



शेवटी तोडगा निघाला. तोडगा कसला, तिची अट. दोन सामने खेळ, ती अडवणार नाही. पण पुन्हा मार बसला तर स्वतः मैदानात येऊन हात धरून बाहेर काढणार. आणि ऑक्टोबरात क्लब सोडतानाची शेवटची तपासणी खरी द्यायची. जीव तोडून. दहाच्या दहा. मग तो कागद आमचा, पुढे काही झालं तर ताडून बघायला. हातावर हात मारून वचन दिलं.

मला माहीत आहे दहा येतील. जानेवारीतले दहाच्या दहा घरी येऊन लिहिलेले आहेतच मागे.

१७ ऑगस्ट, शनिवार

नव्याण्णव. डोकं घेऊन कुठेच गेलो नाही. चेंडू उंच आला की मी बाजूला. आयुष्यात पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, कोण येतंय ते. पर्किसला दिसलं असणार. 

२२ ऑगस्ट, गुरुवार

यादीत आहे. पर्किस म्हणाला, "संघासाठी घेतलंय हं, तुझ्यासाठी नाही." डोळे दुसरीकडे वळवून म्हणाला. खोटं बोलायला त्यालाही येत नाही.

विनीला घेऊन चाहत्या बायकांच्या हॉलमध्ये गेलो. दर गुरुवारी त्या जमिनीवर गुडघे टेकून कागदाचा बॅनर करतात — रात्रंदिवस खपून केलेला, आणि शनिवारी आम्ही पळत येऊन तो दहा सेकंदांत फाडायचा. एक आजी म्हणाल्या, "तुझ्यासाठी गेल्या वर्षीच कागद आणून ठेवला होता, राजा. उंदरांनी कुरतडला. पुन्हा आणला." विनीला शून्याच्या आत चिकटपट्टी लावायला दिली. दोन शून्यं होती. दोन्ही तिने लावली.

२४ ऑगस्ट, शनिवार

शंभर.

विनीला कडेवर घेऊन बॅनरमधून गेलो. कागद फाटल्याचा आवाज जवळून केवढा मोठा येतो! ती घाबरली, मग खदखदून हसली, मग मागे वळून म्हणाली, "मी चिकटवलेलं होतं ते." तिला ब्रॉनकडे दिलं. ब्रॉनने सामनाभर बसायची जागा सोडून कुंपणाला धरून उभं राहायचं ठरवलं होतं. दर वेळी चेंडू माझ्याकडे आला की तीच दिसायची. कोट घालून, पाय पुढे टाकायच्या तयारीत.

हरलो. एकतीस गुणांनी. मी काही चांगला खेळलो नाही. माझ्याच हातून सुटलेल्या चेंडूवर समोरच्यांचा एक गोल झाला. शेवटची शिटी झाली आणि हेविट आणि कप्तानाने मला खांद्यावर उचललं. "उतरवा, घोटा दुखतोय," मी म्हणत होतो. हेविट खालून म्हणाला, "गप बसा आजोबा, वजन काय कमी आहे का?" समोरच्या संघाची पोरं दोन रांगा करून टाळ्या वाजवत उभी. त्यांच्यातली निम्मी मला ओळखतही नसतील.

आंघोळीच्या फवाऱ्याखाली रडलो. पोरं बाहेर गाणी म्हणत होती — हरल्यावर म्हणत नाहीत, आज माझ्यासाठी म्हणत होती. सुख होतं. आणि संपलं म्हणून सुटल्यासारखंही वाटलं. आता पुन्हा कधीच उलटं धावत जायचं नाही.

६ सप्टेंबर, शुक्रवार

नेव्हने नाव रंगवलं.

खोली रिकामी. सगळ्यांचे बूट गेलेले, वास तेवढा राहिलेला. नेव्हने स्टूल घेतलं, चष्मा बदलला, सोनेरी रंगाची डबी उघडली. पेन्सिलीच्या रेघा अजून होत्या. एकेक अक्षर काढायला पाच-पाच मिनिटं. हात थरथरतो त्याचा, पण ब्रश टेकला की थांबतो. मी बाकावर बसून बघत होतो. त्याला डूलीच्या फोनचं सांगितलं — तिन्ही गुणफलक बरोबर सांगितले म्हणून.

तो ब्रश न उचलता म्हणाला, "मंगळवारी सांगितलंस की हे."

"मंगळवारी?"

"आणि मघाशी, दारातून आत आलास तेव्हा."

मग म्हणाला, "बोल बोल, मला चालतं. माझी बायको चाळीस वर्षं एकच गोष्ट सांगायची."

रंग ओला होता. हात लावू नको म्हणाला. लावला नाही. एकेचाळीस नंबर, चौथं नाव. सुंदर काढलंय म्हाताऱ्याने.

२८ सप्टेंबर, शनिवार

अंतिम सामना टीव्हीवर. सगळा देश मैदानात किंवा टीव्हीसमोर. अर्ध्यात उठून अंगणात गेलो. विनीबरोबर उलटा जिना उतरण्याची शर्यत लावली. ती जिंकली.

७ ऑक्टोबर, सोमवार

उद्या तपासणी. सराव करणार नाही, ती लबाडी होईल. ब्रॉनने सकाळी गाडी काढायचं कबूल केलंय. आठवडाभर नीट झोपलोय, डोकं दुखत नाही, बीअर नाही. याहून चांगलं डोकं माझ्याकडे नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

मन लावून दिली. काही गाळलं नाही. काही गिळलं नाही.

डॉक्टरांनी जानेवारीचा कागद शेजारी धरला आणि खुशीत मान हलवली. "दहापैकी सहा. एप्रिल गायब. अगदी जसाच्या तसा आहेस बघ, टेव. शंभर सामने खेळून तसूभरही फरक नाही." हात मिळवला. शुभेच्छा दिल्या.

एप्रिल मी म्हटला होता.

ब्रॉन गाडीत बसून होती. "खरी दिलीस?" दिली. "मग? आले दहा?" आले म्हटलं. तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि गाडी सुरू केली. वाटेत गाणं गुणगुणत होती.

घरी येऊन जानेवारीचं पान काढलं. होडी, लोणी, शिडी, घुबड, चादर, खिडकी, मीठ, पूल, मनगट, तंबू. अक्षर माझंच.

आजचे लिहितो. करवत, लिंबू, घंटा, गालिचा, कोंबडी, दोरी.